बेचाळीस नंबरचा दात

निवृत्त होताना सगळ्याचा चार्ज लिहून द्यावा लागतो. पिस्तूल, शिक्के, मालखान्याच्या किल्ल्या, प्रलंबित फायली. मी एकेक वस्तू मोजून दिली आणि पावती घेतली. एक प्रकरण मात्र कोणत्याच यादीत बसलं नाही. त्यात गुन्हा नोंदला गेला नव्हता, कोणाला अटक झाली नव्हती, कोर्टाची पायरीही कोणी चढलं नव्हतं. रोजनामच्यात सगळं मिळून आठ-दहा ओळी असतील. पण लोक म्हणतात, साहेब, एखादी मोठी केस सांगा, तेव्हा मला दरोडे आणि खून आठवत नाहीत, हे आठवतं. नावं मी कोणाचीच घेणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून बालाघाटच्या बाजारात मला भेटतात आणि रामराम, जयभीम करतात.

तेव्हा मी बालाघाट शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या मध्य प्रदेशात ठाण्याच्या प्रमुखाला टीआय म्हणतात. कागद हिंदीत, हुकूम हिंदीत, शिव्यासुद्धा हिंदीत. पण फिर्यादी आमच्याच जिल्ह्यातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या खैरलांजीकडचा असला की दुसऱ्या वाक्याला मराठीवर येतो. माझं घर त्याच मुलखातलं, म्हणून मी त्याला थांबवत नसे. माणूस घरच्या बोलीत खोटं बोलला तर लवकर सापडतो, हा माझा अनुभव आहे.

पहिली खबर हिवाळ्यात आली. भरवेलीच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा एक मुखबिर, म्हणजे खबऱ्या, होता. तो येऊन म्हणाला, एक बाई घरोघरी फिरून लहान पोराईचे पडलेले दात जमा करून राह्यली, डबीत घालते, आणि ते दात बाहेरदेशी जातात म्हणे. ऐकायला ही गंमत वाटते. आमच्या भागात अशी कुजबुज दोन आठवडे मुरली की एखाद्या बाईला भर चौकात मार पडतो, आणि मग पोलीस कुठे होते असं सगळे विचारतात. मी त्याच दिवशी महिला हवालदाराला पाठवून त्या बाईला बोलावून घेतलं.

ती आली ती हातात हेल्मेट आणि काखेत फाईल घेऊन. तिशीची असेल, अंगानं बारीक. भरवेलीच्या खाण कामगारांच्या वसाहतीतली, बौद्ध घरातली, वडील खाणीतून निवृत्त होऊन अंथरुणाला खिळलेले. विज्ञानाची पदवी घेतलेली आणि घर तिच्याच पगारावर चाललेलं. आसपासची गावं तिला नुसतं ताई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. मी आवाज कडक करून ठेवला होता. तो वापरायची वेळच आली नाही. ती सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसली आणि तिनं फाईल उघडून माझ्यासमोर ठेवली.

तिनं जे समजावलं ते मला समजलं तेवढं सांगतो. दुधाचा दात मूल पोटात असल्यापासून थराथरानं बनतो. अंगात कोणता धातू किती गेला त्याची खूण त्या थरात राहते. म्हणून मँगनीजच्या मुलखातली, म्हणजे भरवेलीकडची मुलं आणि नुसत्या धानाच्या मुलखातली, म्हणजे खैरलांजीकडची मुलं, यांचे दात सारख्या संख्येनं घ्यायचे आणि ताडून पाहायचे. बोट कोणाकडे दाखवायचं नव्हतं, फक्त मोजायचं होतं. काम युरोपातलं होतं. तिथं म्हणे अशा संशोधनाला सार्वजनिक पैसा मिळतो, पण एकट्या देशाला नाही. किमान तीन देशांच्या प्रयोगशाळांनी हातात हात घालून अर्ज केला तरच. एका दाताचे तीन तुकडे तीन देशांत जाणार, म्हणजे कोणी एकानं आकडा फिरवला तर बाकी दोघं पकडतील. बालाघाटचं एक कॉलेज या कामात चौथा भागीदार होतं आणि ताई त्या कॉलेजची गावात फिरणारी माणूस.

मला ही पद्धत आवडली. आमच्याकडेही गोंदिया आणि छत्तीसगडच्या पोलिसांबरोबर सीमेवर बैठका व्हायच्या. चहा, बिस्किटं, फरारींच्या याद्यांची अदलाबदल, आणि मग प्रत्येक जण आपापल्या यादीसह घरी. या लोकांनी निदान एकमेकांवर नजर ठेवायची सोय केली होती.

आणखी एक नियम तिनं सांगितला तो लक्षात ठेवा. दाताच्या पाकिटावर नाव नसतं, फक्त नंबर. दात कॉलेजच्या कपाटात. कोणता नंबर कोणाचा, ती यादी फक्त ताईच्या घरी, तिच्या कुलुपात. ज्याच्याकडे दात, त्याच्याकडे नावं नाहीत. जिच्याकडे नावं, तिच्याकडे कपाटाची किल्ली नाही. मी तिला म्हणालो की गावात शिरताना आधी सरपंच आणि कोतवालाला भेटत जा, आणि हवालदारीणबाईंचा नंबर देऊन ठेवला. कुजबुज थंड झाली आणि मी ते प्रकरण विसरलो.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी दुपारी कॉलेजातले प्राध्यापक स्वतः धापा टाकत ठाण्यात आले. या कामाचे इथले प्रमुख तेच. कपाटातला दातांचा डबा नाहीसा झाला होता. गुरुवारी युरोपातून एक शास्त्रज्ञ बाई तपासणीला येणार होत्या आणि जाताना दात घेऊन जाणार होत्या. डबा मिळाला नाही तर तीन देशांचं काम अडेल, आणि छोट्या शहरातल्या आमच्या कॉलेजला पुन्हा कोणी विचारणार नाही, असं ते म्हणाले. यासाठी त्यांनी कितीतरी वर्षं पत्रव्यवहार केला होता. मला त्यांची दया आली, हे आधीच सांगून ठेवतो.

मी जाऊन पंचनामा केला. लोखंडी कपाट, कुलूप फोडलेलं नाही. किल्ली कार्यालयातल्या फळीवर खिळ्याला टांगलेली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. शेजारी लॅपटॉप, दोन सूक्ष्मदर्शक, सगळं जागच्या जागी. शनिवारी सकाळी डबा मोजल्याची नोंद होती आणि रविवारी कॉलेज बंद होतं. सूक्ष्मदर्शक सोडून दात नेणारा चोर मला उभ्या नोकरीत भेटला नव्हता. मी लेखी अर्ज घेतला, रोजनामच्यात नोंद केली आणि पडताळणी करून गुन्हा दाखल करू असं सांगितलं.

मंगळवारी सकाळी डबा परत आला. कॉलेजच्या चपराशाला तो प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीत ठेवलेला सापडला. आतली शंभरावर पाकिटं मोजली. पाकिटं पारदर्शक होती आणि प्रत्येकावर सील होतं. सगळी सील शाबूत, फक्त एक पाकीट कमी. नंबर बेचाळीस.

प्राध्यापक अर्धा तास खूश होते. मग त्यांच्या लक्षात आलं की पाहुण्या बाई विचारतील, डबा तीन दिवस होता कुठे आणि एक दात गेला कुठे. त्यांनी माझ्या कानाशी येऊन ताईचं नाव घेतलं. बेचाळीस नंबर म्हणजे कोण, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही, आणि गेल्या आठवड्यात ती माझ्याशी भांडली होती, असं ते म्हणाले. भांडण कशावरून, ते त्यांनी सांगितलं नाही. तिच्यावर संशय दाखवून आजच गुन्हा नोंदवा, एफआयआरची प्रत मला गुरुवारी दाखवता येईल, एवढाच त्यांचा आग्रह होता. असे फिर्यादी मी खूप पाहिले आहेत. त्यांना चोर नको असतो, प्रत हवी असते.

अकरा वाजता ताईला बोलावलं. बाहेरच्या बाकावर नेहमीची मंडळी होती. जमिनीच्या भांडणातले दोघं भाऊ, मोबाईल हरवलेला एक मास्तर, आणि वरचेवर येऊन निमूट बसणारा एक म्हातारा. ताई त्यांच्यातून वाट काढत आत आली. हवालदारीणबाई शेजारी बसल्या. अर्धा तास मी साधे प्रश्न विचारले. शनिवारी कुठे होतीस, रविवारी कोणाकडे होतीस. उत्तरं सरळ होती आणि पडताळता येण्यासारखी होती. मग मी मुद्द्यावर आलो आणि बेचाळीस नंबर कोणाचा ते विचारलं.

"सांगणार नाही, साहेब."

मी तिला परिणाम समजावले. संशय तिच्यावर आहे, गुन्हा नोंदला की नोकरी जाईल, दुसरीकडेही कोणी ठेवणार नाही, वडिलांच्या औषधाचं काय करशील. एक नाव सांग आणि घरी जा. माझा आवाज चढला होता हे कबूल करतो. सहसा या ठिकाणी माणसं रडतात किंवा कोणाचं तरी नाव घेतात. ती ग्लासातलं पाणी प्यायली.

"मी शंभरावर घरी बसून सांगतलं साहेब, का तुमच्या लेकराचं नाव मी कोनालेच देणार नाही. पोलिसालेही नाही, असं म्हनलं होतं मी. तवा लोक हासले होते. आता खरंच पोलीस विचारून राह्यले, तं मी सांगू काय?"

मला राग आला. मान्य करायला हरकत नाही, थोडी लाजही वाटली. मी विषय बदलला आणि प्राध्यापकांशी भांडण कशाचं झालं ते विचारलं. तिनं काखेतली फाईल काढून टेबलावर ठेवली. ते सांगितलं तर नाव सांगितल्यासारखंच होईल, असा काहीतरी हिशेब तिच्या मनात चालला असावा.

"फॉर्मचं मागचं पान वाचा," ती शेवटी म्हणाली. "तेवढंच म्हनू शकतो मी."

तिला बाहेर बसवलं आणि मी फाईलमधला कोरा फॉर्म काढला. प्रत्येक घराकडून सही घेतलेला संमतीचा हिंदी फॉर्म, दोन्ही बाजूंनी छापलेला. छापील मागचं पान वाचायची सवय आम्हा पोलिसांना नाही. आमच्या सगळ्या फॉर्मांच्या मागच्या पानावर काय लिहिलं आहे ते मला आजही सांगता येणार नाही. इथं लिहिलं होतं की कुटुंबाला या कामातून केव्हाही माघार घेता येईल, कारण सांगायची गरज नाही, आणि त्यांनी मागितला तर नमुना परत दिला जाईल. अर्ज स्थानिक प्रमुखाकडे द्यावा. स्थानिक प्रमुख म्हणजे प्राध्यापक.

मी चहा मागवला आणि विचार करत बसलो. ताईला बेचाळीस नंबर हवा असता तर तिनं बेचाळीस नंबरच काढला असता. अख्खा डबा नेण्याचं तिला कारणच नव्हतं. ज्यानं अख्खा डबा नेला त्याला नंबर माहीत नव्हता. त्याला एकेक दात डोळ्यांनी पाहून ओळखायचा होता, आणि ओळखल्यावर बाकीचे नको होते म्हणून डबा परत आला. आता पडलेला दात बघून कोण ओळखतं? मला दोन मुली आहेत, मी नसता ओळखला. मी घरी फोन लावला आणि बायकोला विचारलं. ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, मोठीचा समोरचा दात पिवळट होता आणि धाकटीच्याले आडवी रेघ होती, काहून? मी काही नाही म्हणून फोन ठेवला.

म्हणजे कोणाची तरी आई. पण आईला किल्ली कुठून मिळणार? तपासाचा एक जुना नियम आहे, हरवलेली वस्तू ज्याला सापडते त्याला पहिल्यांदा विचारावं. तो चपराशी खैरलांजीजवळच्या एका खेड्यातला होता, निवृत्तीला वर्षभर बाकी. त्याला दुपारी बोलावलं. तासभर मी काहीच विचारलं नाही. समोर बसवून चहा दिला, माझी कामं करत राहिलो, मधे मधे धान कसं झालं, मळणी झाली का, गावची बस वेळेवर येते का, असं चाललं. तो सावध होत होता, पुन्हा सैल होत होता. मग मी सही करता करताच विचारलं, "भाऊ, ते माय कॉलेजात किती डाव आली होती?"

त्यानं कप खाली ठेवला.

"तीन डाव, साहेब."

पुढचं त्यानं न थांबता सांगितलं. ती त्याच्या गावची सून. सात वर्षांचा मुलगा. गेल्या हिवाळ्यात ताई गावात गेली तेव्हा त्याचा समोरचा दात नुकताच पडला होता. आईनं फॉर्मवर सही केली, दात दिला आणि मुलाला रंगाची पेटी मिळाली. पावसाळ्यात धानाचं रोवणं चालू असताना बांधावर त्या मुलाला पान लागलं, म्हणजे साप चावला. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. त्या दिवसापासून सासूनं एकच धरलं. घरच्या लेकराचा दात शेणाच्या गोळीत घालून घरच्या कवेलूवर, म्हणजे कौलावर फेकतात, ही पिढ्यांची रीत. हिनं तो रंगाच्या पेटीसाठी बाहेरदेशी द्यायला काढला, मग लेकरू घरी कसं राहील? नवराही मग तेच म्हणू लागला. घरात तिच्याशी दुसरं कोणी काही बोलत नव्हतं.

तिनं ताईला गाठलं. ताईनं रीतसर अर्ज लिहून, तिची सही घेऊन प्राध्यापकांना दिला. ते म्हणाले, पाहुण्या येऊन जाऊ द्या, मग पाहू. पण पाहुण्या दात घेऊनच जाणार होत्या. भांडण झालं ते याच्यावरून. ती बाई तीनदा बसनं कॉलेजात आली आणि फाटकाजवळच्या झाडाखाली बसून परत गेली. तिसऱ्या वेळी चपराशाला राहवलं नाही. शनिवारी दुपारी त्यानं डबा जेवणाच्या पिशवीत घातला आणि बसनं गावी नेला.

"नंबर मले ठाऊक नव्हता साहेब, आन ताईनं सांगतला नसता. म्हनून साराच डबा नेला. तिनं एकेक पाकीट उजेडात धरलं. अर्ध्या घंट्यात ओळखला. पोरगा हापशीच्या ओट्यावर पडलता, तवाचा कोना उडेल होता त्याचा."

नोकरी जाईल हे त्याला माहीत होतं का, असं मी विचारलं. तो हौ म्हणाला आणि कप पुन्हा उचलला.

बुधवारी सकाळी मी साध्या कपड्यांत, खासगी जीप करून त्या गावी गेलो. बरोबर हवालदारीणबाई आणि चपराशी. ताईला मुद्दाम नेलं नाही, तिचा शब्द तिच्याकडेच राहू द्यायचा होता. कवेलूचं ठेंगणं घर, अंगणात धानाची पोती. सासू सुपात तांदूळ पाखडत बसली होती. सून दारात आली. चपराशाला पाहिलं, मला पाहिलं आणि कोण आहात असंही न विचारता आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. त्यातून तिनं ते पाकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. सील तसंच होतं. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

"फोडलं नाही मी, सरकारी होतं," ती म्हणाली. "परत न्याले आले न? न्या साहेब. पाहून घेतला मी."

माझ्या नोकरीत मी खूप माल जप्त केला आहे. लोक लपवतात, हिसकतात, पाया पडतात. चोरीचा माल इतका सांभाळून ठेवून मला कोणी दिला नव्हता. मी तिला विचारलं की परत मिळावा म्हणून अर्ज दिला होता ना. हौ म्हणाली, ताईनं लिहून देल्लता, मी सही केली.

"मग हा तुमचाच आहे, बाई. फोडा."

ती उभीच राहिली. तिला वाटलं असावं की मी काहीतरी कबूल करवून घेतो आहे. मी खिशातून फॉर्म काढला आणि मागच्या पानावरच्या त्या ओळी मराठीत वाचून दाखवल्या. केव्हाही परत मागता येईल, कारण सांगायची गरज नाही. सुपाचा आवाज थांबला होता. सासू ऐकत होती.

"काहून पायजे, हेही नाही विचारत?" सासूनं विचारलं.

"नाही आजी. विचारायचं नाही, असंच लिहिलं आहे."

"असं लिहून होतं," ती म्हातारी म्हणाली, "तं आमच्या सुनेले तीन डाव काहून फिरवलं?"

फिरवणारा मी नव्हतो, पण तिच्या दृष्टीनं खुर्चीवर बसणारे आम्ही सगळे एकच. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, गोठ्यात गेली आणि हातात शेण घेऊन आली. बोराएवढी गोळी वळून तिनं सुनेसमोर धरली आणि घाल म्हणाली. दोघींचं त्या घरात चार महिन्यांत झालेलं हे पहिलं सरळ बोलणं असावं. सुनेनं दातानं पाकीट फाडलं, दात गोळीत दाबला आणि हात वर करून गोळी कवेलूवर फेकली. ती घरंगळत खाली येते की काय असं वाटलं, पण दोन कवेलूंच्या मधल्या खाचेत अडकली. मग सून तिथंच ओट्यावर बसली आणि रडली. सासू तिच्याजवळ बसली. हवालदारीणबाई बाहेर जीपकडे निघून गेल्या. मी पंचनामा केला नाही. फाडलेलं रिकामं पाकीट तेवढं मागून घेतलं, कारण नंबराचा हिशोब लागायला हवा होता.

परतताना थेट कॉलेजात गेलो. प्राध्यापकांना एकट्याला गाठून म्हटलं, सर, तो अर्ज तुम्हीच काढा, मला काढायला लावू नका. त्यांनी टेबलाचा खण उघडला. अर्ज वरच होता. ते वाईट माणूस नव्हते. दोन्हीकडचे दात सारख्या संख्येनं देऊ असं त्यांनी योजनेत लिहून दिलं होतं. एक कमी पडला तर तीन देश काय म्हणतील, या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. परक्या लोकांना लिहून दिलेला आकडा त्यांना खरा वाटला आणि त्याच लोकांनी फॉर्मवर दिलेली सवलत नुसती छापील वाटली. आपल्याकडे असंच होतं. कागदावरचा हुकूम आपण पाळतो, कागदावरचा हक्क कोणी गंभीरपणे लिहिला असेल यावर आपला विश्वास बसत नाही.

गुरुवारी पाहुण्या बाई आल्या. पिकल्या केसांच्या, सुती कुर्त्यातल्या, कमी बोलणाऱ्या. माझं इंग्रजी कोर्टापुरतं, पण समजत होतं. प्राध्यापकांनी स्वतःच सगळं सांगितलं, खणातल्या अर्जासकट. ते त्यांनी सांगितलं याचं श्रेय मी त्यांना देतो. बाईंनी अर्जावरचं नाव झाकायला लावून तो दोनदा वाचून घेतला. मग त्यांनी आपल्या कागदांतला एक तक्ता काढला. त्यात माघार घेतलेल्यांचा वेगळा रकानाच होता. दुसऱ्या ठिकाणी थोडीफार माणसं माघार घेतात, आमच्या रकान्यात मात्र सुरुवातीपासून शून्य. प्राध्यापकांना त्या शून्याचा अभिमान होता. बाई म्हणाल्या की त्या शून्यामुळेच मला इथं पाठवलं आहे, इथल्या लोकांना नाही म्हणता येतं हे त्यांना कोणी सांगितलं आहे का, ते पाहायला. मग त्यांनी पेन ताईच्या हातात दिलं. ताईनं शून्य खोडून एक लिहिलं आणि खाली सही केली. तो एक कोण, हे बाईंनीही विचारलं नाही.

तक्रार मागे घेतली गेली. चपराशासाठी प्राध्यापकांनी स्वतः शब्द टाकला, त्याला लेखी ताकीद मिळाली आणि किल्ली त्या खिळ्यावरून निघाली. डबा तीन दिवस बाहेर होता ही नोंद बाईंनी सगळ्या पाकिटांपुढे केली आणि दात गेले. पुढे तीन देशांनी काय मोजलं ते मला माहीत नाही. ताई नोकरीवर राहिली. गुन्हा आधी नोंदवायला हवा होता, असं कोणी कायदेपंडित म्हणेल, आणि तो चूक नसेल. मी नोंदवला नाही याचा मला पस्तावा नाही.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं विचारलं तर मोठं काही सांगता येणार नाही. एवढंच की कोणी आपलीच वस्तू चोरून नेली असेल, तर त्याआधी त्यानं ती कितीदा मागितली होती हे पाहावं. हे मला त्या गुरुवारी संध्याकाळी ठाण्यात परत आल्यावर सुचलं, आणि सुचलं ते बाकावरच्या त्या म्हाताऱ्याकडं पाहून. तो त्या दिवशीही आला होता. त्याच्या मुलाची सायकल अपघातानंतर आमच्या मालखान्यात जमा होती. मुलगा गेला होता, खटला केव्हाच संपला होता. तो आला की मी म्हणत असे, बाबा, अर्ज द्या, पाहू.

मी ठाण्याचं लिहिण्याचं काम बघणाऱ्या मुंशीला विचारलं, हा किती डाव आला असेल. तो म्हणाला, साहेब, मोजलं नाही. मग मी माझ्या टेबलाचा खण उघडला. खाली, जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात, त्याचा अर्ज होता. सायकल देऊन टाकावी असा कोर्टाचा आदेशही टाचणीनं जोडलेला होता. राहिली होती ती फक्त माझी सही.

सायकल बाहेर काढली. दोन्ही टायर गळून गेले होते, घंटी मात्र वाजत होती. मुंशीनं सुपूर्दनाम्याचा, म्हणजे ताबा दिल्याचा कागद म्हाताऱ्यासमोर ठेवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. त्यानं चष्मा लावला, कागद उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

"साहेब, सायकल काहून पायजे, ते काय लिहू?"

"ते लिहायचं नाही, बाबा," मी म्हणालो.

त्यानं सही केली आणि सायकल हातानं ढकलत फाटकाबाहेर नेली.